कूप या शब्दाचे सर्व अर्थ

२७ जून १९३४

आजपासून फ्रेंच.

निश्चय सकाळीच झाला. मामींनी जिऱ्याची पुडी सोडली आणि कागद चुलीत टाकणार तेवढ्यात माझी नजर गेली. इंग्रजी छापील, बारीक टाइप. डिक्शनरीचं पान निघालं, फ्रेंचमधून इंग्रजी. वर ठळक अक्षरांत एकच शब्द. कूप. खाली पानभर त्याच शब्दाचे अर्थ. ब्लो, स्ट्रोक, नॉक, किक, थ्रस्ट, शॉट. पान संपलं तरी अर्थ संपले नाहीत. उच्चार मी ठरवला आहे, फ्रान्सात थोडा वेगळा असेल.

या मुलखात लमसेने पुष्कळ. मुलीच्या बापाकडे तीन-चार वर्षं राबायचं, मग तो मुलगी देतो, वरानं द्यायचं देज माफ. पण मॅट्रिकला दोनदा बसलेला लमसेना मी एकटाच. सेवकराममामांच्या घरी हे माझं दुसरं वर्ष. नांगर, चारा, शेण. या कामांत डोकं रिकामं राहतं, ते आजवर वाया जाऊन राहिलं होतं.

धुरपतेला अजून सांगितलं नाही. ती मामांची एकुलती एक लेक, तिच्यासाठीच मी इथं आहे. एकदम सांगीन. हळूहळू सांगण्यात मजा नाही.

३० जून

आमगावचा बाजार. मुन्नालाल किराणावाल्याकडे चौकशी केली. पुस्तक गोंदिया स्टेशनच्या रद्दीतून आलं. कुणी साहेब वेटिंग रूममध्ये विसरला असेल. पूर्ण पुस्तक विकत मागितलं. मुन्नालाल म्हणाला, मास्टर, किताब तो कब की फाड़ डाली, पन्ने गड्डी में मिल गए, अब जो पुडिया में निकले सो तुम्हारा. हा माणूस मला मास्टर म्हणतो. थट्टेनं म्हणतो, पण म्हणतो.

दुसरी बातमी मोठी. बालाघाटकडच्या एका मँगनीजच्या खाणीवर फ्रेंच साहेब आलाय आणि त्याला दुभाषा पाहिजे. स्टेशनवरच्या हमालानं सांगितलं.

प्रोग्रॅम ठरला. हा शब्द मुळापासून पूर्ण करायचा, कारण एक शब्द पूर्ण आला की भाषा आली, बाकी नुसती भरताड. मग खाणीवर नोकरी. मग लग्न आणि धुरपता बंगल्यात, खुर्चीवर बसलेली.

हळद, जिरं, धणे यापुढे लहान लहान पुड्यांत आणावेत असं मामींना सुचवलं. ताजे राहतात म्हणून सांगितलं.

११ जुलै

डिस्टर्बन्स फार. सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसलं तर कोंबड्या, आत बसलं तर धूर.

मामांनी यंदा सालदार ठेवला आहे, बकाराम नावाचा. जंगलाकडचा. सही येत नाही, अंगठा लावतो. जेवतो किती ते लिहीत नाही. माझ्यावरचा भार कमी व्हावा म्हणूनच ठेवला असणार. मामा बोलत नाहीत, पण माणसाची किंमत जाणतात.

आज त्यांनी विचारलं की दिवसभर काय वाचून राहिला. सांगितलं, कूप. ते म्हणाले, जंगलातला कूप का, लिलाव कई आहे. त्यांना वाटलं मी झाडतोडीचा ठेका घेऊन राहिलो. फ्रेंच भाषा म्हणजे काय ते नीट समजावलं. ते कुऱ्हाडीला नवा दांडा बसवायला लागले.

२४ जुलै

आज रोवणीला जायचंच, असं रिझोल्यूशन होतं. गेलो. पोटरीभर चिखलात उभा राहिलो. बाया परे, म्हणजे धानाची रोपं, लावून राहिल्या होत्या, धुरपता सगळ्यांच्या पुढं. मी मागून पेंढ्या फेकायच्या. थोड्याच वेळात डोकं गरगरलं. कूप द सोलील, म्हणजे सनस्ट्रोक, कालच वाचला होता. धुरपता म्हणाली की ऊन कुठं आहे, सूर्याचं तोंड पाहून आठवडा झाला. तिला सांगितलं की ते ढगांतूनही लागतं.

पेंढ्या मग बकारामनं फेकल्या. तेवढंच त्याला येतं.

परतताना ती धुऱ्यावर, बांधाच्या वाटेवर, थांबली. म्हणाली, तुमी काऊन असे करता, घरात बोलनं होऊन राहिलं. मी म्हटलं, नवीन गोष्ट असली की बोलणं होणारच. मग तिला सगळं सांगितलं. पानही दाखवलं. वरच्या चार अक्षरांवर बोट ठेवून म्हटलं, हा तो शब्द. तिला वाचता येत नाही, पण तिनं बोटानं ती चार अक्षरं चिखलात काढली. हुबेहूब. मग विचारलं, हा शब्द सरल कई. म्हटलं, पानं मिळाली की सरेल. ती म्हणाली, अन् सरल्यावर शेतात याल ना. म्हटलं, रोज.

ती हसली नाही. चिखलाचे हात तसेच धरून उभी राहिली. मला ती फार आवडते. हे इथं लिहून ठेवतो, तिला योग्य वेळी सांगीन.

उद्यापासून शेतात जाईन.

८ ऑगस्ट

बाजार हल्ली धुरपता करते. तिच्या आणलेल्या पुडीतून बरोबर माझंच पान निघालं, हळदीच्या. माझं नशीब चांगलं आहे.

कूप द कॉर्न, शिंगाचा धक्का. वाचत वाचत बैलांच्या कोठ्यातून जात होतो, तांबड्या बैलानं बरगडीत शिंग घातलं. पान हातात आणि अर्थ बरगडीत. योगायोग.

मामी हळद चोळायला देताना म्हणाल्या की घरात एवढी हळद साठली, यात एक लग्न होईल. मी लाजलो. घरात विचार सुरू झालाय तर.

२० ऑगस्ट

कूप द व्हेंट, वाऱ्याचा झोत. दुपारी वाचला, संध्याकाळी वावटळ आली आणि सपरीच्या एका कोपऱ्याचं छप्पर तेवढं उडालं. तो कोपरा माझा होता.

खाट कोठ्याजवळ हलवली. सपरीतली कोरडी जागा बकारामला दिली, तो लवकर उठतो म्हणून. लवकर उठणारा माणूस कुठंही झोपू शकतो, पण मी वाद घातला नाही. कोठ्याजवळ शांतता आहे, स्टडीला बरं.

दोनदा झालं हे. त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं आहे.

९ सप्टेंबर, पोळा

घरची जोडी तोरणाखाली न्यायची ती लमसेन्यानं. अख्खं गाव पाहतं, हा सेवकरामचा होणारा जावई म्हणून. गेल्या साली मीच नेली होती. यंदा तांबड्याच्या रंगवलेल्या शिंगांकडे पाहिलं आणि बरगडी ठणकली. दोरी बकारामच्या हातात दिली. हुकूम माझा होता, म्हणजे नेली मीच.

गर्दीत कुणीतरी विचारलं, सेवकराम, हा नवा कोन. मामा काहीच बोलले नाहीत. सालदार आहे असं सांगायला हवं होतं. ढोलांच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

२२ सप्टेंबर

बिबट्या आलाय. आमच्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या शेतांच्या, पलीकडे नाला आहे, तिथल्या चिखलात पंजे. परवा शेजारचं कुत्रं गेलं. मामी त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं तो म्हणतात, आणि म्हणताना दाराकडे पाहतात.

धान पोटरीवर आलं, डुकरं पडतात. संध्याकाळी माळ्यावर राखणीला बसायची पाळी उद्या माझी. जाणार. भीती कसली.

२३ सप्टेंबर

गेलो नाही. त्याला कारण आहे. दुपारी धुरपतेनं धण्याची पुडी आणली, तिसरं पान. पहिलीच ओळ, कूप द ग्रिफ, पंजाचा ओरखडा. एवढं स्पष्ट छापलेलं असताना माळ्यावर जाणं म्हणजे मूर्खपणा.

बकारामला म्हटलं की आज माझी पाळी तू कर, मला महत्त्वाचं काम आहे. बरं बाबू म्हणाला आणि घोंगडी उचलून निघाला. कायले म्हणूनसुद्धा विचारलं नाही. धुरपता दारात उभी होती. तिनं त्याला पाहिलं, मग मला पाहिलं, आणि आत गेली.

२४ सप्टेंबर

काल दिवेलागणीला बिबट्यानं बकारामला धरलं, माळ्यावर चढताना. खांद्यापासून कोपरापर्यंत. कुऱ्हाड हाणली म्हणून सुटला. मामांनी आणि गावच्या माणसांनी खाटेवर घालून आणला. सपरीत रक्त, अंगणात रक्त. मी पान हातात घेऊन उभा होतो. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही आणि कुणी मला बाजूलाही हो म्हटलं नाही.

धुरपतेनं एकेक पुडी फोडून जखमेत हळद भरली. माझ्याच पुड्या. एवढ्या गडबडीतही ती कागद एकीकडे नीट ठेवत होती.

आज भीती वाटली. बिबट्याची नाही, या शब्दाची. शिंग, वारा, पंजा. जे वाचतो ते येऊन राहिलं आहे. आणि हा शेवटचा माझ्यासाठी आला होता, पत्त्यावर दुसरा भेटला.

३ ऑक्टोबर

बकाराम जगला. ताप उतरला. धुरपता सकाळ-संध्याकाळ पट्टी बदलते. वैद्य म्हणाला की वेळेवर हळद पडली म्हणून वाचला. म्हणजे बारकाईनं पाहिलं तर त्याचा जीव मी वाचवला. लहान पुड्यांची कल्पना कुणाची होती. जेवताना हे बोललो तर मामी ताट तसंच ठेवून उठल्या.

बकारामला भेटून आलो. त्याचा माझ्यावर राग नाही. म्हणाला, बाबू, तुमाले लागलं असतं तर बाई रडली असती. कोण बाई म्हणून विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं. तापाचा अंमल अजून असावा.

खाणीवरचा साहेब फ्रेंच नाही. स्कॉटलंडचा निघाला. हरकत नाही, स्कॉटलंड त्याच बाजूला आहे.

उद्यापासून नेमानं शेतात.

१३ ऑक्टोबर

उद्या नवं खायचं. हलकं धान पिकलं.

या घरची रीत अशी. घरातल्या तरुण पुरुषानं पहाटे बांधीतून पहिल्या लोंब्या आणायच्या आणि देवापुढं ठेवायच्या. त्या तांदळाचा भात शिजला की पहिलं ताट लेकीनं त्याच्यापुढं मांडायचं. या घरात मुलगा नाही, म्हणजे होणाऱ्या जावयानं आणायच्या. लोंब्या आणतो तो घरचा. गेल्या साली मी तापानं पडलो होतो, मामांनी स्वतः आणल्या. त्यामुळे यंदाचा दिवस मोठा आहे, हे मलाही कळतं.

धुरपता मुद्दाम कोठ्यापाशी आली. म्हणाली, उद्या लोंब्या तुमीच आना. दुसऱ्या कोनाले पाठवू नका. मी म्हणते म्हणून आना. मग थोडं थांबून म्हणाली की तुमच्यासाठी एक वस्तू ठेवली आहे, ताटात देईन. काय ते सांगेना. तिचा आवाज कापत होता. सर्दी असावी.

सूर्य उगवायच्या आत जाणार. पक्कं.

१४ ऑक्टोबर

झालं ते असं. पहाटे उठलो. विळा घेतला. निघताना पान एकदा पाहिलं, नुसतं पाहिलं. अगदी खाली धण्याचा तेलकट डाग आहे, त्याखालची ओळ आजवर लागली नव्हती. आज पान उजेडाकडे धरलं आणि लागली. कूप द ग्रेस. फिनिशिंग स्ट्रोक. शेवटचा घाव. त्यानंतर पान संपतं.

नाल्याच्या अंगाला धुकं होतं. बिबट्या अजून मारला गेलेला नाही. आधीचे तिन्ही खरे झाले आहेत. विळा धरून मी फाटकापाशी उभा राहिलो. पाय पुढं पडेना. हे थंडीमुळेही झालं असेल.

बकाराम उठला होता. एक हात गळ्यात बांधलेला. त्याला म्हटलं, तू जा, चार लोंब्यांना एक हात पुरतो. तो पहिल्यांदाच घुटमळला. म्हणाला, बाबू, हे माझं काम नाही. मी म्हटलं, माझ्या नावानं आण. शेवटी त्याला विळा दिला. कूप द मेन, हेल्पिंग हँड, दुसऱ्या पानावर आहेच. त्याचाच दुसरा अर्थ अचानक हल्ला असा दिलाय, तो आता वापरात नसावा.

मी कोठ्यामागं बसलो. अर्थ सगळे एकदा उतरवून काढायचे होते. मामांनी हाक मारली. ऐकली. वाक्य पूर्ण करून उठणार होतो. त्यांनी परत हाक मारली, या वेळी जरा हळू. मग मारली नाही.

म्हणे धुरपता ताट धरून उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. भात निवून गेला. मग मामा काहीतरी म्हणाले आणि तिनं ते ताट बकारामपुढं ठेवलं.

मी गेलो तेव्हा माझंही पान वाढलेलं होतं. मामींनी वाढलं. भात तोच, तांदूळ तोच, फरक काही नाही. ती वस्तू मात्र ताटात नव्हती. गडबडीत विसरली असेल.

२५ ऑक्टोबर

आता मला घरात कुणी काम सांगत नाही. शेण काढ नाही, चारा टाक नाही. मान वाढला आहे, पण दिवस लांब वाटतो.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा धुरपतेनं एकदाच वर पाहिलं. कूप द ओइल, नजर, ग्लान्स. एकदाच, पण पुरतं पाहिलं, सावकाश, आणि मग डोळे खाली घातले. तसल्या नजरेला डिक्शनरीत अर्थ नाही. कोठ्यात आल्यावर मला रडू आलं. कारण लक्षात आलं नाही.

मामांनी परसात बांबू आणून टाकलेत. मांडवाला लागतात तसे, लांब आणि सरळ.

८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. बांबू वाढले. मामा रोज बसून दोर वळतात. वळताना माझ्याकडे पाहत नाहीत, दोराकडेही पाहत नाहीत. आज धीर करून विचारलं, मांडव कई. म्हणाले, माघात. एवढंच. वराच्या तोंडावर जास्त बोलायचा त्यांना संकोच वाटत असेल.

शेवटचं पान मिळत नाही. मुन्नालालला खोदून विचारलं. म्हणाला, वो पन्ना तो कोई पोले के बाज़ार में माँग के ले गया, मास्टर. कोण ते सांगेना. आज थट्टासुद्धा केली नाही. पुडी हातात दिली आणि म्हणाला, घर जाओ.

या भागात फ्रेंच शिकणारा आणखी कुणी आहे. सावध राहिलं पाहिजे.

१६ डिसेंबर

खळ्यावर धान आलं. चुरणं, म्हणजे मळणी, सुरू आहे. बकारामचा हात चालतो, दोन बोटं आखडलीत. तो आता जेवायला आत बसतो, मामांच्या शेजारी. मी मामांना बाजूला घेऊन म्हटलं की सालदाराला एवढं जवळ करणं बरं दिसत नाही. ते म्हणाले, सालदार कोन. वय झालं त्यांचं.

मनिरामदादाला निरोप गेला. माझा मोठा भाऊ, नवेगाव बांध या गावी असतो. दोन वर्षांपूर्वी तोच मला इथं सोडून गेला होता. वराकडचा माणूस बोलावला म्हणजे गोष्ट पक्की. तरी अन्न जात नाही. कोंबडी ओरडली तरी दचकतो. एवढा आनंद अंगाला सवयीचा नाही म्हणून असेल.

शब्द तेवढा पूर्ण व्हायला हवा होता. लग्नाआधी तेवढी एक गोष्ट.

२० जानेवारी १९३५

दादा आला. सपरीत मामा, दादा, गावचे दोघं जण. मला बोलावलं. बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

मामा दोन वर्षांत जेवढे बोलले नाहीत तेवढे आज बोलले. म्हणाले, मनिराम, तुझ्या भावाशी माझं भांडन नाही. रोवनीत तो नाही, पोळ्याले तो नाही. माळ्यावर त्याच्या जागी दुसरा मरता मरता राहिला. तरी मी थांबलो. काऊन, तर पोरगी म्हने थांबा, नव्याच्या दिवशी तो येईल. माझ्यापासून शब्द घेतला तिनं. नव्याच्या दिवशी ती ताट धरून उभी राहिली, मी दोन हाका मारल्या. ज्यानं आनलं त्याच्यापुढं ताट गेलं. देवापुढं झालेलं आता मी फिरवू कसा.

मी सांगितलं की बकाराम माझ्या नावानं गेला होता. दादानं विचारलं, अन् तू कुठं होतास. कोठ्यामागं, म्हटलं. काय करत होतास, म्हणाला. एका शब्दाचे एवढे अर्थ तोंडपाठ, त्यातला एकही कामाला आला नाही.

बकाराम अंगणात होता. दोर्‍या बांधत होता, मान वर केली नाही त्यानं.

दादा तिथल्या तिथे चल म्हणाला. मामी म्हणाल्या, हळदीपर्यंत राहू द्या, आज नेलं तर गावात पोरीचं नाव निघेल. म्हणून राहिलो.

८ फेब्रुवारी

आज हळद. मांडव चांगला झाला. बांबू धरायला माणूस कमी होता, मी धरले. पहिल्यांदाच दिवसभर काम केलं. कुणी काही म्हटलं नाही.

बाया हळद कालवून राहिल्या होत्या, तेवढ्यात धुरपता कोठ्याकडे आली. नवं लुगडं नेसलेली. हातात घडी केलेला कागद. म्हणाली, हे तुमचं आहे.

शेवटचं पान.

मुन्नालालकडे जाऊन ती स्वतः गड्डी चाळायची. चिखलात काढलेली ती चार अक्षरं ज्या पानावर दिसतील ते काढून द्यायची, अन् याच्यात पुडी बांध म्हणायची. सगळी पानं तशीच आली होती. हे एक तिनं पोळ्याच्या बाजारात काढून ठेवलं. नव्याच्या दिवशी ताटात, पत्रावळीखाली ठेवलं होतं. म्हणाली, मले वाटलं हे पान भेटलं की तुमचा शब्द सरल, अन् तुमी शेतात याल.

कागदाला भाताची शितं चिकटून वाळली होती.

काहीतरी बोलायला पाहिजे होतं. आजवर योग्य वेळेसाठी ठेवलेलं होतंच. मी म्हटलं, थँक्यू. तिला ते कळलं नाही. माझ्याकडे पाहत राहिली, मग बायांनी हाक मारली आणि गेली.

१० फेब्रुवारी, नवेगाव बांध

दादाच्या घरी पोचलो. वाटेत दादा फक्त बैलांशी बोलत होता.

पान काल वाचलं नाही. आज सकाळी वाचलं. थोडेच अर्थ उरले होते. टाउट अ कूप, अचानक. कूप मँक, फसलेला प्रयत्न. आणि शेवटचा, आप्रेस कूप. टू लेट. सगळं होऊन गेल्यावर.

शब्द पूर्ण झाला.

त्याच्याखाली पुढचा शब्द सुरू होतो. कूपेबल. याचेही दोन-तीन पानं अर्थ असतील असं वाटलं. नाहीत. अर्धीच ओळ आहे. गिल्टी.

बाहेर दादा बैल सोडून राहिला आहे. तलावाच्या पाळीखालच्या बांधीत लाखोरीचं पीक उपटायचं आहे. अजून हाक मारली नाही त्यानं. मारायच्या आत जातो.